पाप, परके आणि हातातला मोबाइल: इतरधर्मीयांशी ऑनलाइन बोलताना ख्रिस्ती माणसाने काय पाळावं

ऑगस्ट २०१९. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, सगळ्याच नद्या एकदम चढल्या होत्या. आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर पाण्याचे व्हिडिओ पडत होते. बेळगावात माझ्या घरी पाऊस होता, पण पाणी उंबऱ्याबाहेर होतं. त्यातच कुठल्याशा प्रार्थना ग्रुपवरून एक मेसेज आला: नोहाच्या तारवाचं चित्र आणि खाली, लोकांचं पाप वाढलं की देव पाण्याने धुऊन काढतो. मी तो बॅचच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. साक्ष दिली, म्हणजे आपला विश्वास लोकांपुढे मांडला, असं वाटलं मला.

दहा मिनिटांत गोकाककडे दिलेल्या माझ्या मैत्रिणीचं उत्तर आलं. "आमच्या घरात छातीएवढं पाणी आहे. आम्ही कुठलं पाप केलं तेवढं सांग."

मी संडे स्कूल घेते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज मुलांना कितीदा शिकवलाय. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं प्रभू येशू विचारतो, स्वतःच 'नाही' म्हणतो आणि बोट फिरवतो ते ऐकणाऱ्यांकडे: तुमच्या पश्चात्तापाचं बघा. वर्गात हे मला तोंडपाठ होतं. मोबाइलवर अंगठा टेकताना आठवलं नाही.

तेव्हापासून जे शिकले, चुकत चुकत शिकले, ते इथे पायरीपायरीने लिहितेय. आपल्या सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे, ख्रिस्ती माणूस मूठभर आहे. एकाच मोबाइलमध्ये मंडळीचा, म्हणजे चर्चचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि नोकरीचा ग्रुप. मंडळीत चालणारं वाक्य गल्लीत गेलं की त्याचा अर्थ बदलतो, आणि तो बदललाय हे लिहिणाऱ्याला कळत नाही. हा लेख मुख्यतः मंडळीतल्या तरुणांसाठी आहे, कारण प्रश्न तेच विचारतात.

पहिली पायरी: समोरचा घरातला की घराबाहेरचा, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं, पैशाचं आणि नाना देवळांचं शहर. तिथल्या मंडळीला प्रेषित पौल पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक खुलासा करतो. अनीतीने वागणाऱ्यांशी संबंध ठेवू नका असं त्याने आधी कळवलं होतं. त्या लोकांनी त्याचा अर्थ घेतला की शहरातल्या बाहेरच्या माणसांपासून लांब राहायचं. पौल म्हणतो, मी जगातल्या माणसांबद्दल बोललोच नव्हतो, तसं असतं तर तुम्हाला जगच सोडावं लागलं असतं. मी बोललो ते स्वतःला बंधू म्हणवून लोभ, व्यभिचार, दारू, फसवणूक करणाऱ्यांबद्दल. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, तो देव करील.

म्हणजे पापाबद्दल कडक बोलायचंच असेल तर ते आत बोलायचं. आपण नेमकं उलटं करतो. मंडळीत लग्न जमवताना हुंडा वेगळ्या नावाने घेतला जातो, मूळची जात अजून हळूच विचारली जाते, दारूने दोन घरं बसली तरी त्यावर प्रार्थनेपलीकडे कुणी बोलत नाही. आणि शेजारणीने जत्रेचा फोटो टाकला की आपल्याला मूर्ती करू नको या दुसऱ्या आज्ञेची आठवण होते.

म्हणून लिहिण्याआधी हा एकच प्रश्न विचारा: ज्याला मी हे लिहितोय त्याने ख्रिस्ताचं नाव घेतलंय का? घेतलं नसेल, तर त्याच्या वागण्याचा निवाडा करणारं एकही वाक्य तुमच्याकडून जायला नको. साक्ष देता येते, प्रश्नाला उत्तर देता येतं, मदत करता येते. निवाडा नाही.

यावर एक शंका हमखास येते: मग पापाला पाप म्हणायचंच नाही का? म्हणायचं. कुणी लाच मागतो, बायकोला मारतो, विहिरीवर कुणाला अडवतो, तर ते अन्याय म्हणून ठणकावून सांगा. आमोस आणि यशया हे संदेष्टे तेच करत होते. पण तिथे बाजू घ्यायची ती मार खाणाऱ्याची. मारणारा कुठल्या देवाचा, हा तिथे विषयच नाही.

दुसरी पायरी: तुमचा शब्द त्याच्या कानात कसा पडतो ते ऐका

'पाप' हा शब्द आपण वेगळ्या अर्थाने वापरतो आणि शेजारी वेगळ्या. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा, हामार्तियाचा, धातूतला अर्थ नेम चुकणं. आपल्या शिकवणीत पाप ही आधी एक अवस्था आहे, देवापासून तुटलेली, आणि तिच्यात सगळे सामील आहेत. रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय कुणालाच वगळत नाही. शेजाऱ्याच्या मनात मात्र पाप-पुण्याचा हिशेब असतो. त्याच्या घरी पापी म्हणजे अमुक घोर कृत्य केलेला माणूस. तुम्ही 'आपण सगळे पापी' या अर्थाने लिहिता, तो 'तू खुनी' असं वाचतो. त्याला राग आला तर त्यात त्याचं काय चुकलं?

'अविश्वासी' शब्दाचंही तेच. मंडळीत त्याचा अर्थ ख्रिस्तावर विश्वास न ठेवलेला. बाहेर त्याचा अर्थ भरवसा ठेवण्याजोगा नसलेला. पहाटे उठून पंढरीची वाट धरणाऱ्या माळकऱ्याला तुम्ही अविश्वासी म्हणालात तर तो अपमान आहे. आणि जुन्या भाषांतरातला 'परराष्ट्रीय' हा शब्द तर आमच्याकडे अजिबात वापरू नका. १९५६ पासून ज्या मातीत कोण कुठल्या राज्याचा यावर भांडण चालू आहे, तिथे शेजाऱ्याला परराष्ट्रीय म्हणणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग लिहायचं कसं? 'तू' काढून 'मी' घाला. "तुम्ही पापात आहात" ऐवजी "माझ्या रागाने माझं घर मोडायला आलं होतं, मी प्रभूकडे गेले ती त्या वेळी." हे कुणालाही कळतं. आपल्या भाषेत ही वाट नवी नाही. वारकरी संतांनी पतित म्हटलं ते स्वतःला, आणि देवाला पतितपावन. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. स्वतःच्या पापाबद्दल मराठीत बोललं की मराठी माणूस ऐकतो. दुसऱ्याच्या पापाबद्दल बोललं की त्याला कुसळ आणि मुसळ आठवतं, आणि ती म्हण तर मत्तयाच्या सातव्या अध्यायातही आहे.

आता त्या मैत्रिणीकडे परत येते. पाणी उतरल्यावर मी तिच्या गावी गेले. भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या खांद्याच्या उंचीला, पट्टीने आखल्यासारखी सरळ. अंगणात दोरी बांधून तिने कपड्यांचे चिमटे लावून कागद वाळत घातले होते: रेशन कार्ड, उतारा, मुलाचा शाळेचा दाखला. दाखल्यावरची शाई पसरून निळा डाग झाला होता. मी काय बोलू ते सुचेना. तीच शेजारच्या पडक्या घराकडे बघून म्हणाली, "पाप, तिचं तर सगळंच गेलं बघ की."

सीमाभागात राहणाऱ्याला हे 'पाप' ठाऊक आहे. कन्नडमध्ये 'पाप!' म्हणजे बिचारी, गरीब बिचारा. बसमध्ये रडणारं पोर दिसलं, म्हातारा धडपडला, की आमच्या मराठीतही तोच उद्गार निघतो. स्वतःचं घर चिखलात असताना तिच्या तोंडून शेजारणीसाठी ते 'पाप' निघालं. मी त्याच शब्दाने तिला मारलं होतं.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. दुसऱ्याचं पाप डोळ्यांत आलं की आधी तोंडातून कन्नडमधलं 'पाप!' निघालं पाहिजे. लोकसमुदाय बघून प्रभूला कळवळा आला, ती मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होती, असं मत्तय लिहितो. कळवळा आला नसेल तर मोबाइल खाली ठेवा. तुमच्याजवळ सांगण्यासारखं अजून काही नाही.

तिसरी पायरी: प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात दोन वचनं लागोपाठ आहेत. एक म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, दुसरं म्हणतं दे. वेळ ओळखायची, एवढाच त्याचा अर्थ.

खोडी काढणारा ओळखायला सोपा असतो. तुमचं उत्तर पुरतं न वाचता तो पुढचा प्रश्न टाकतो. त्याला एकदा शांतपणे उत्तर द्या आणि थांबा. दुसऱ्यांदा द्यायची गरज नाही. प्रभूच्या दासाने भांडू नये असं पौलाच्या पत्रात तीमथ्याला लिहिलंय, त्यात 'समोरच्याने सुरुवात केली तर चालेल' अशी सूट नाही.

दुखावलेला माणूस मात्र खोडसाळासारखाच बोलतो, आणि तिथे फसगत होते. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "तुमचे लोक तांदळाच्या पोत्यासाठी बाटले." एका तरुणाने लगेच इतिहासाच्या चार लिंका टाकल्या आणि भांडण पेटलं. मी त्याला नंतर जे लिहायला सुचवलं ते असं:

"माझ्या पणजोबांनी नेमकं का ठरवलं ते मला सांगता येणार नाही. दुष्काळात मिशनच्या आवारात जेवण मिळायचं असं घरात ऐकलंय. कुणी भुकेपोटी आलं असेल तर मला त्याची लाज नाही, आणि भुकेचा फायदा कुणी घेतला असेल तर तो चुकलाच. मी आज का विश्वास ठेवतो, ते विचारलंत तर सांगतो."

यात काय आहे ते नीट बघा. खोटं काही नाही, कबूल करण्यासारखं होतं ते कबूल केलंय, उलट टोमणा नाही, आणि शेवटी दार उघडं आहे. प्रेषित पेत्राने आशेबद्दल उत्तर द्यायला तयार राहा म्हटलं ते 'विचारणाऱ्याला', आणि सौम्यतेने. न विचारणाऱ्याच्या गळ्यात पडा असं तो म्हणत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या प्रश्नाचा. त्यातला सर्वांत अवघड हा: "म्हणजे आम्ही सगळे नरकात जाणार का?" यावर पळू नका आणि तोफही डागू नका. मी असं सांगते: येशू हाच मार्ग आहे असं मी मानते आणि ते लपवत नाही. पण कोण कुठे जाणार याची यादी माझ्याकडे नाही, ती न्यायाधीशाकडे आहे. जगाचा न्याय करायला नव्हे, तर जग वाचावं म्हणून पुत्राला पाठवलं, असं योहानाच्या तिसऱ्याच अध्यायात आहे. ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणावरही देवाने काही लिहिलंय, असं पौल रोमकरांना सांगतो. यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही, हेही मोकळेपणी सांगा. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. आमच्या मेथॉडिस्ट मंडळीत आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत यावर वेगवेगळं ऐकायला मिळेल. मतभेद सांगितल्याने साक्ष कमजोर होत नाही, माणूस तुम्हाला प्रामाणिक समजतो.

आणि एक चौथा आहे, जो कधीच लिहीत नाही, फक्त वाचतो. ग्रुपवर सगळ्यात जास्त तोच असतो. मी प्रत्येक उत्तर त्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिते.

चौथी पायरी: कुणाच्या देवाबद्दल एक अक्षरही नाही

सौंदत्तीची यल्लम्मा असो, गणपती असो, दर्गा असो, त्यांच्याबद्दल चेष्टेचं चित्र, तुलनेचा व्हिडिओ, 'दगड' हा शब्द, यातलं काही तुमच्या मोबाइलवरून जायला नको. याला पवित्र शास्त्राचाच आधार आहे. इफिसात अर्तमी देवीच्या नावाने दंगल उसळली तेव्हा तिथल्या नगरलेखकाने, जो ख्रिस्ती नव्हता, जमावाला सांगितलं की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त राहिला होता, आणि तरी त्याच्या सोबत्यांबद्दल परक्या अधिकाऱ्याला ही ग्वाही देता आली. अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, मूर्ती बघून पौलाचा जीव आतून तळमळला, पण बोलायला उभा राहिल्यावर त्याने सुरुवात केली त्यांच्या धर्मशीलतेपासून आणि दाखला दिला त्यांच्याच कवींचा. तळमळ आत, आदर बाहेर.

टिळकांचंही तसंच झालं. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं झालं, ते संस्कृत काव्यावरून. त्याने शेवटी नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने सुरुवात मूर्तिपूजेच्या खंडनाने केली असती तर टिळकांनी ते पुस्तक उघडलं असतं का?

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, धर्माधर्मांत वैर पसरवणं कलम १९६ खाली. मेसेज फॉरवर्ड करणाराही अडकू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून आपल्याकडे हा विषय किती तापलेला आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दोन गोष्टी कडक पाळा. प्रार्थनेला येणाऱ्या इतरधर्मीय माणसाचा फोटो, नाव किंवा साक्ष त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कुठेही टाकू नका; तुमच्या आनंदाच्या फोटोमुळे त्याचं घर त्याला तुटू शकतं. आणि मदत करताना, धान्य असो की औषध, त्या मेसेजमध्ये बायबलचं वचन जोडू नका. मदत मदत म्हणूनच जाऊ द्या.

पाचवी पायरी: भाषा

कन्नड माणसाने कन्नडमध्ये विचारलं तर मोडकंतोडकं का होईना, कन्नडमध्ये उत्तर द्या. देवनागरीत लिहिलेली कन्नडही चालते. कोकणी बोलणाऱ्या खानापूरकडच्या कॅथलिक बंधूंना मराठी शिकवू नका. १ नोव्हेंबरच्या, कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास भाषेचं भांडण ग्रुपवर पेटलेलं असतं, त्या दिवसांत विश्वासाचा विषय काढूच नका. आणि वयाने मोठ्या माणसाला, वाद कितीही वाढला तरी, 'तुम्ही'च म्हणा. एकेरीवर आलात की बाकीचं सगळं वाया.

सहावी पायरी: घरातल्याची चूक ग्रुपवर नाही

मंडळीतल्या कुणी चुकीचं लिहिलं, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलेला आहे: आधी त्याला एकट्याला गाठा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. इतरधर्मीयांच्या डोळ्यांदेखत त्याला झापणं या क्रमात कुठेच बसत नाही, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर फिरवणं तर मुळीच नाही. तरीही न ऐकला तर त्याला परका आणि जकातदार समजा, असं तिथे म्हटलंय. ते लिहून ठेवणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि प्रभू त्याच्या घरी जेवला होता, एवढं लक्षात असू द्या.

मात्र त्याच्या मेसेजने बाहेरचं कुणी दुखावलं असेल तर ग्रुपवर एक ओळ जरूर टाका: "हे आमच्या सगळ्यांचं म्हणणं नाही, मला याचं वाईट वाटतं." गप्प बसलात तर ते सगळ्यांचंच म्हणणं ठरतं.

सातवी पायरी: पाठवण्याआधी

राग आलेला असताना उत्तर मेसेजच्या चौकटीत लिहू नका. वहीत लिहा किंवा स्वतःच्याच नंबरवर पाठवा. मोठ्याने वाचा, शक्य तर घरातल्या कुणाला तरी ऐकवा. मग त्यातलं प्रत्येक वचन काढून बघा: वचन काढल्यावर उरलेलं वाक्य प्रेमाचं आहे का? नसेल तर वचन फक्त काठी म्हणून वापरलंय. रात्री दहानंतर मी उत्तर देत नाही. सकाळी उठल्यावर निम्मी उत्तरं लिहायची गरजच उरत नाही.

आठवी पायरी: चुकलात तर

चूक जिथे झाली तिथेच माफी मागायची. ग्रुपवर दुखावलं आणि खासगीत माफी मागितली तर ज्यांनी अपमान पाहिला त्यांनी माफी पाहिलीच नाही. मेसेज गुपचूप डिलीट करणं ही माफी नव्हे. माफीत 'पण' नको, 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असला 'तर' नको, आणि वचन अजिबात नको.

मैत्रिणीच्या अंगणात मी तोंडाने माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ग." पण ग्रुपवर चाळीस जणांनी माझा मेसेज वाचला होता. परतताना गोकाकच्या स्टँडवर बसून लिहिलं: "मी त्या दिवशी पुराबद्दल जे पाठवलं ते चुकीचं होतं. आमच्या शास्त्रातही तसं नाही. ज्यांची घरं बुडाली त्यांची मी मनापासून माफी मागते." तीनदा खोडून तेवढंच ठेवलं आणि पाठवलं.

ग्रुपवर तिने काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मुलाच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती, शाळा बेळगावातली, तिला चिखल सोडून येता येत नव्हतं. मी अर्ज घेऊन तीन वेळा शाळेच्या ऑफिसात गेले आणि प्रत काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोकाकच्या बसच्या कंडक्टरकडे दिली, आणि तिला बसचा नंबर कळवला.